मांडीवरचं पान

टॅब लहानच घ्यायचा, हे तिचं घरातून निघतानाच पक्कं होतं. पोरगी पाळण्यात ठेवली की रडून घर डोक्यावर घ्यायची, झोपायची ती फक्त आईच्या डाव्या हातावर. म्हणजे कामाला उरला उजवा. त्यात मोठा टॅब धरला आणि तो निसटून पोरीच्या टाळूवर पडला तर? आठवडाभर तिनं भाजी चिरायची प्लास्टिकची फळी हातात धरून सराव केला होता. सासूबाई म्हणाल्या होत्या, "अगं, फळी वाचतेस की काय?"

बाळंतपणापूर्वी ती शाळेच्या पुस्तकांची प्रुफं तपासायची. संपादकबाईंनी आज नमुन्याचं एक पान पाठवलं होतं. विज्ञानाचं नवं पुस्तक तपासायला घेणार की नाही, हे संध्याकाळपर्यंत कळवायचं होतं. नाहीतर काम दुसऱ्याकडे जाणार, आणि एकदा गेलेलं काम पुन्हा या दाराशी यायचं नाही.

नवऱ्याबरोबर दुकानात शिरल्या शिरल्या तिनं विचारलं, "बसायला खुर्ची मिळेल?"

"टॅब बघायला खुर्ची?" दुकानदार हसला.

"मी उभ्यानं काम करत नाही, दादा."

खुर्ची आली. झोपलेली पोरगी डाव्या हातावर, लहान टॅब उजव्या हातात. कसा छान हलका! नवऱ्यानं त्यावर ते नमुन्याचं पान उघडून दिलं. पण धरला त्याच हाताचा अंगठा अर्ध्या पानापलीकडे पोचेना. अक्षरं मोठी केली तर वरचं चित्र नाहीसं. तिनं पान सरकवत सरकवत वाचलं आणि म्हणाली, "निर्दोष आहे."

"झालं तर मग, बांधा हो," नवरा म्हणाला.

"थांब. दुसराही बघते. मागून चुटपुट नको."

मोठा टॅब हातात पेलेना, म्हणून दुकानदारानं कव्हरची मागची घडी उघडून तो तिच्या उजव्या मांडीवर उभा केला. तिनं मुद्दाम गुडघा हलवला. टॅब कलंडला तो पुढे, गुडघ्याकडे. पोरीच्या बाजूला नाही. तिनं आणखी दोनदा पाडून पाहिला. दुकानदाराचा जीव टांगणीला, ती मात्र खूश. लहानही तसाच उभा करून पाहिला, पण तेवढ्या लांबून अक्षरांच्या मुंग्या झाल्या.

मोठ्यावर मात्र तेच पान सगळं एका नजरेत मावलं. वर हृदयाचं चित्र, खाली मजकूर. आणि ती ताडकन म्हणाली, "अरे, हे चूक आहे! चित्रात निळा बाण शरीराकडून हृदयाकडे येतोय, आणि खाली लिहिलंय की तो शरीराकडे जातो."

"आत्ताच तर निर्दोष म्हणालीस!"

"खालचं वाचेपर्यंत वरचं चित्र दिसेनासं झालं होतं ना."

"पण हा जड आहे. तूच तर रोज फळी घेऊन..."

"मला उचलायचाच कुठे आहे?"

एवढ्या बोलण्यानं पोरगी जागी झाली आणि तिनं भोकाड पसरलं. तिला खांद्यावर थोपटत आईनं नवऱ्याला खूण केली. त्यानं संपादकबाईंना फोन लावून तिच्या कानाशी धरला.

"पुस्तक पाठवा, मॅडम. घेतलं मी. आणि त्या पानावरचा निळा बाण एकदा बघून घ्या."

"तो अजून कुणाच्या लक्षात आला नव्हता," पलीकडून आवाज आला. "पण तिकडे केवढा गोंधळ चाललाय! जमेल ना तुम्हाला?"

"जमेल," ती म्हणाली, आणि मोठ्या टॅबकडे बोट दाखवून दुकानदाराला म्हणाली, "हा द्या. कव्हरसकट."