कबूतरबाबांचा वारा

कर्वेनगरच्या त्या हॉलबाहेर चपलांचा नुसता ढीग! कोथरूडहून गाड्या काढून आलेली शिकलीसवरलेली मंडळीसुद्धा रांगेत. आत उत्तरेश्वरबाबांनी सात महिन्यांच्या गरोदर ऋतिकाच्या पोटावर कबूतर धरलं.

"पोरी, आधीचं बाळ गेलं ना? पंखांचा वारा तीनदा छातीत भरून घे. सगळी पीडा पाखरू घेतंय!"

पाखरानं मान टाकली. जयजयकार झाला. ऋतिकाच्या सासूबाई चंद्रभागाकाकूंनी डोळे पुसले.

"डॉक्टरलासुद्धा सांगायचं नाही. सांगितलं की गुण गेला," बाबांनी बजावलं. किती सोयीचं!

हे सगळं मला उशिरा कळलं. बाराव्या दिवशी ऋतिकाला माझ्या वॉर्डात आणलं, ती एकशे चार तापात. कोरडा खोकला, डोकं ठणकतंय. न्यूमोनियाच्या नेहमीच्या औषधांनी दोन दिवस ढिम्म फरक नाही. ऑक्सिजन घसरत होता. बाळाचे ठोके बिघडू लागले. मी घाबरले होते, खोटं कशाला बोलू?

"काकू, घरात पोपट, कबुतरं?"

"नाही हो मॅडम." पण नजर खाली.

"अहो, पोर हातची जाईल! काय लपवताय?" मी ओरडलेच.

काकूंना रडू फुटलं आणि सगळं बाहेर आलं. बाबांनी पाखरू कसं धरलं होतं, तेही मी विचारलं. "अंगठा छातीवर, गच्च," त्या म्हणाल्या.

आजारी पक्ष्यांच्या विष्ठेच्या, पिसांच्या धुळीतून एक जिवाणू माणसाच्या फुप्फुसात शिरतो. क्वचितच होतो हा आजार, पण गरोदर बाईच्या आणि बाळाच्या जिवावर उठतो. मी तासाभरात औषध बदललं. पुढे तपासणीतही तोच जिवाणू निघाला.

औषध बदलल्यावर चौथ्या दिवशी ऋतिकाचा ताप उतरला. बाळाचा भरवसा अजून नव्हता. काकू मला घेऊन तडक हॉलमध्ये गेल्या. बाबांपुढे दुसरी गरोदर मुलगी झोपली होती, तिच्या पोटावर बाबांनी नवं कबूतर तसंच गच्च धरलं होतं.

"अंगठा काढा!" काकू कडाडल्या.

"बाई, पाप लागेल."

"लागू दे. काढा!"

गर्दी बघत होती. बाबांना अंगठा उचलावाच लागला. कबूतर फडफडलं आणि खिडकीच्या गजावर जाऊन बसलं.

"छाती दाबली की पाखराला श्वास घेता येत नाही," मी म्हणाले. "ते गुदमरून मरतं, पीडाबिडा काही घेत नाही. उलट स्वतःचा आजार देऊन जातं."

ती मुलगी उठून बसली. "मॅडम, मी घेतला हो वारा. आता?"

"आत्ता माझ्याबरोबर चल. आणि सगळ्यांनी ऐका, डॉक्टरपासून लपवायला सांगणारा माणूस तुमचा नव्हे. विचारा, तपासा, मगच विश्वास ठेवा. इथं आणखी कुणी घेतलाय वारा?"

मग मागच्या रांगेतून एकेका गरोदर बाईचा हात वर येऊ लागला.