बारावं नाटक

नारायणगावच्या पेठेत पोपटलाल मुथा यांचं किराणा दुकान आहे आणि दुकानामागच्या गोदामात नाटककार मुकुंद आंबर्डेकर राहतात. आंबर्डेकर १९९६ साली पुण्यात वारले, हे पोपटलालशेठना ठाऊक होतं. त्या दिवशी त्यांनी अर्धा दिवस दुकान बंद ठेवलं होतं. पण आंबर्डेकरांचं मागे जे काही उरलं, ते हळूहळू गोडेतेलाच्या रिकाम्या डब्यांमधून इथे वस्तीला आलं. चौतीस डबे. प्रत्येकावर शेठच्या हातची चिठ्ठी: 'तिकिटं', 'जाहिराती', 'परीक्षणं', 'पत्रं, रागाची', 'पत्रं, बाकीची'. बाकीच्यांचा डबा लहान होता.

डब्यांमध्ये लवंगा आणि कडुलिंबाचा पाला. पुण्याच्या एका संस्थेनं आंबर्डेकरांची कात्रणं थंड हवेच्या खोलीत ठेवली होती, ती तिथे कसरीनं आरामात खाल्ली. शेठच्या डब्यात कसर शिरली नाही. जो माणूस तीस वर्षं रवा जपतो त्याला कागद जपणं काही जड नाही.

घरात याचं कौतुक होतं असं म्हणता येणार नाही. मुलगा पीयूष याला गोदामात मोबाइलचं काउंटर काढायचं होतं. पत्नी सज्जनबाई आल्यागेल्याला शांतपणे सांगत, की लग्न ठरवताना मुलाला कसलंही व्यसन नाही असं आम्हाला सांगितलं होतं. "दुकानातला माल येतो आणि जातो," त्या म्हणत, "गोदामातला नुसताच येतो."

या सगळ्याचं मूळ १९७३ सालात होतं. आंबर्डेकर तेव्हा येडगाव धरणाच्या कामावर कारकून होते आणि अजून कोणी नव्हते. त्यांनी एक नाटक लिहिलं, मुंबईला पाठवलं, मुंबईनं ते परत पाठवलं. त्याच आठवड्यात निमगाव सावाची पोरं जत्रेसाठी नाटक मागायला आली. त्यांना तलवारीचं हवं होतं. आंबर्डेकरांनी रागाच्या भरात त्यांना 'आतून कडी' दिलं. त्यात एक बंद दार होतं आणि तीन माणसं. माणसांना नावं नव्हती, 'तो', 'ती' आणि 'तिसरा'. पहिल्या अंकात लोक तलवारीची वाट बघत बसले. दुसऱ्यात तमाशा कधी उभा राहणार याची चौकशी सुरू झाली. तिसऱ्या अंकाला मांडवात झोपलेली माणसं होती आणि जागा एकटा वीस वर्षांचा पोपटलाल. तो रडत होता. का, ते त्याला सांगता आलं नसतं. त्याच्या आयुष्यात तोवर एकही दार आतून बंद झालेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आंबर्डेकरांनी हस्तलिखित आंघोळीच्या बंबात घातलं आणि बदली मागितली. पुढे ते मोठे झाले. अकरा नाटकं लिहिली. या बाराव्याबद्दल कुणी विचारलंच, तर विषय बदलत.

शेठनी मात्र विषय बदलला नाही. नाटक जळलं तरी नकला कुठे जळल्या, असा त्यांचा हिशेब होता. नक्कल म्हणजे नटानं आपल्यापुरती उतरवलेली वही. तिच्यात आपली वाक्यं पुरी असतात आणि समोरच्याचे फक्त शेवटचे तीन-चार शब्द, आपण तोंड कधी उघडायचं ते कळावं म्हणून. आंबर्डेकरांनी मारुतीच्या देवळात बसून सांगितलं आणि तिघांनी आपापलं लिहून घेतलं. अख्खं नाटक कुणाकडेच नव्हतं; प्रत्येकाकडे आपापला हिस्सा होता.

'तो' झालेला कुशाबा नव्वद साली गेला. त्याची विधवा साळुबाई हिच्याकडे शेठ चौकशीला गेले, तेव्हा वही देव्हाऱ्यात सापडली. नवरा सकाळ-संध्याकाळ ती उघडून पुटपुटत बसायचा, म्हणून तिनं ती पोथी समजून मागे ठेवली होती आणि चार वर्षं तिला हळदकुंकू वाहत होती. शेठनी त्या जागी खरी पोथी नेऊन दिली तेव्हा कुठे वही सुटली. साळुबाईचं मत होतं, की जुनी जास्त पावत होती.

'तिसरा' झालेल्या सोपानची नक्कल म्हणजे एक कागद. चार वाक्यं, त्यातली तीन 'मी नंतर येतो' हीच.

राहिली 'ती'. म्हणजे अर्धं नाटक.

पुण्यात आंबर्डेकरांवरचा शेवटचा शब्द एका गृहस्थांचा असे. त्यांना सगळे सर म्हणत. सरांनी आंबर्डेकरांचं चरित्र लिहिलं होतं आणि त्यात तळटीप दिली होती, की जुन्नर तालुक्यात एक अप्रकाशित नाटक झाल्याची दंतकथा स्थानिक पातळीवर ऐकू येते, तिला पुरावा नाही. शेठनी त्यांना नऊ पत्रं पाठवली. उत्तरं दोन आली. पहिल्यात पत्र मिळाल्याचं कळवलं होतं, दुसऱ्यात पत्रं पुरे झाल्याचं.

आणि २००३च्या जानेवारीत अचानक सरांचा फोन आला. रविवारी कुटुंबासह लेण्याद्रीला येतोय, परतताना अर्धा तास डोकावतो. 'समग्र आंबर्डेकर' सोमवारी छापायला जाणार होतं. अकरा नाटकं, कापडी बांधणी. शेठनी फोन ठेवला आणि कॅलेंडर पाहिलं. सोमवारनंतर तिसरा अंक जगात कधी झालाच नव्हता, असं कापडी बांधणीत ठरणार होतं.

शुक्रवारी ते निमगाव सावाला गेले. 'ती' झालेले गेणभाऊ आता गावच्या दूध सोसायटीचे चेअरमन होते. त्यांच्या मिशा अशा होत्या, की त्या माणसानं कधी लुगडं नेसलं असेल असं वाटू नये. आणि त्या बहुधा त्याचसाठी राखल्या होत्या. त्यांची नक्कल त्यांच्या वडिलांनी जत्रेच्या दुसऱ्याच दिवशी चुलीत घातली होती. पण वही जळाली म्हणून पाठांतर जळत नाही, हे शेठना माहीत होतं. ते वीस वर्षं त्यासाठी इथे येत होते.

"शेठ, च्या घ्या," गेणभाऊ म्हणाले. "बाकी काय न्हाई. पुढल्या म्हयन्यात सोसायटीचं विलेक्शन हाय. समोरची पार्टी मला भर सभेत वैनी म्हणंल."

चेअरमनच्या पत्नी ठमाबाई कपबशा ठेवता ठेवता म्हणाल्या, "लग्नाच्या आदी आमचे दादा ह्यांना बघाया जत्रंतच आल्ते. घरी येऊन सांगितलं, पोरगा दिसला न्हाई, पण पोरगी लई देखणी हाये त्या गावात."

गेणभाऊंनी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

शेठ चहा प्याले. गिऱ्हाइकाला घ्या-घ्या म्हटलं की ते मागे सरतं, हे पेठेतलं लहान पोरही जाणतं. तो माल शेजारच्या गिऱ्हाइकाला दाखवायचा असतो. तेव्हा शेठ उठले, चपला घातल्या आणि जाता जाता म्हणाले, की ठीक आहे, सोपान म्हणतो 'ती'चंही त्याला पाठ आहे, रविवारी दुकानात पुण्याच्या सरांसमोर त्यालाच उभा करतो.

"कोण म्हणतो?"

"सोपान."

"त्या सोपानला चार वाक्यं व्हती," गेणभाऊ म्हणाले, "आन त्यातलं एक तो इसारला. कुशाबानं त्याचं बी म्हटलं."

शेठ चालू लागले. ते अंगणापर्यंत पोचले तेव्हा मागून प्रश्न आला, की सोपान शेवटचं मोठं भाषण कुठून सुरू करतो. शेठना जत्रेतलं जेवढं आठवत होतं तेवढं ते म्हणाले, 'उघडायचं कधी' इथून.

"झालं," गेणभाऊ म्हणाले, "आदीच्या वाक्यातच तर सगळं हाये. केलं वाटोळं."

रविवारी सर आले. लेण्याद्रीच्या तीनशेवर पायऱ्या चढून-उतरून आले होते, त्यामुळे साखरेच्या पोत्यावर बसल्यावर त्यांना बरंच बरं वाटलं. कुटुंब बाहेर गाडीतच थांबलं. सरांनी डब्यांकडे एक नजर टाकली आणि सावकाश म्हणाले, की अशी निष्ठा हल्ली दुर्मीळ आहे. हे वाक्य ते कुठेही म्हणत. मग त्यांनी दोन्ही नकला चाळल्या. कुशाबाच्या वहीवरचं कुंकू त्यांच्या बोटाला लागलं, ते त्यांनी रुमालाला पुसलं.

"हे तुम्हीच लिहून काढलेलं नाही, हे कशावरून, मुथाशेठ?"

शेठ तीस वर्षं या प्रश्नाची वाट बघत होते. त्यांनी गोदामाच्या दाराकडे पाहिलं. तिथे गेणभाऊ कधीचे उभे होते. गूळ घ्यायला आलोय असं त्यांनी न विचारता सांगितलं. त्यांच्यामागे सोपान होता, तो गूळ बघायला आला होता.

"सर, नकला तुमच्याच हातात ठेवा," शेठ म्हणाले. "चेअरमननी त्या कधी बघितलेल्या नाहीत. 'तो'ची वाक्यं तुम्ही वाचा, 'ती'ची ते म्हणतील. ते ज्या शब्दांवर थांबतील, ते शब्द तुमच्या पानावर असले तर नाटक आहे. नसले तर दंतकथा."

सरांनी घड्याळ पाहिलं. चष्मा चढवला. आणि अध्यापनाच्या आवाजात वाचलं, "तिसरा अंक. तो: तू अजून आतच आहेस?"

गेणभाऊंनी डोक्याची टोपी काढून तांदळाच्या पोत्यावर ठेवली. मग मिशांच्या मागून एक आवाज आला, बारीक नव्हे, बाईचा बनवलेला नव्हे. फार दिवस कुणाशी बोललं नाही तर होतो तसा.

"तू विचारतोयस म्हणजे बाहेर कुणीतरी आहे."

सरांनी पानावर बोट ठेवलं. पानावर लिहिलं होतं: 'बाहेर कुणीतरी आहे'. ते पुढचं वाचू लागले. पुढचंही जुळलं. त्याच्या पुढचंही. सोपाननं आपल्या जागी, तीस वर्षं उशिरा का होईना, "मी नंतर येतो" असं खणखणीत म्हटलं आणि गेणभाऊंनी त्याच्याकडे असं पाहिलं, की तो खरोखरच दोन पावलं मागे गेला.

सर काही झालं तरी सर होते. शेठनी हे सगळं चेअरमनकडून पाठ करून घेतलं असेल, हा विचार त्यांना चौथ्या वाक्यालाच आला होता. पण त्यांना आंबर्डेकर येत होते, ही त्यांची खरी अडचण झाली. चाळीस वर्षं त्यांनी या माणसाचं वाक्य कसं चालतं, कुठे अडतं, प्रश्नाला उत्तर न देता कसं वळतं, हे पोरांना फळ्यावर शिकवलं होतं. ते वाक्य आता गुळाच्या ढेपांमध्ये उभं राहून चालत होतं. असं वाक्य किराणा दुकानदार लिहू शकत नाही. सरही लिहू शकत नव्हते. तारुण्यात त्यांनी प्रयत्न केला होता.

बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. सरांनी पान उलटलं. त्यांचा अध्यापनाचा आवाज कधी गेला ते कुणाच्या लक्षात आलं नाही. ते पोत्यावरून उठले होते, गुडघ्यांसकट, आणि नसलेल्या एका दाराला कान लावल्यासारखे वाकले होते. पीयूष उधारीचं काहीतरी विचारायला आत आला आणि तिथेच उभा राहिला. सज्जनबाई जिन्यावरून अर्ध्यात थांबल्या.

"कडी मी लावली," गेणभाऊ म्हणाले. "ती मी लावली, एवढं तरी माझं राहू दे. उघडायचं कधी, ते तुम्ही ठरवताय. कुणाला बोलवायचं, ते तुम्ही ठरवताय. मग इतकी वर्षं या खोलीत आत कोण आहे?"

सरांच्या पानावर लिहिलं होतं: 'आत कोण आहे'. त्याखाली 'तो'चं एकच वाक्य उरलं होतं. सरांनी वही खाली घेतली.

"पाणी आणू?" ते म्हणाले.

यावर 'ती'चं वाक्य नव्हतं. नाटक संपलं होतं.

शेठ वीस वर्षांचे असताना रडले होते, तसे आता रडले नाहीत. ते हसत होते, आवाज न करता, डब्यांना पाठ टेकून. जिन्यावरून सज्जनबाईंनी पदरानं डोळे टिपले आणि कुणी पाहिलं का ते बघितलं. पीयूष उधारीचं विसरून गेला होता.

सरांनी दुकानातला फोन मागितला. छापखान्याच्या माणसाला त्यांनी सांगितलं, की उद्याचं काम थांबवा, अनुक्रमणिका बदलायची आहे. पलीकडून काहीतरी विचारलं असावं. "अकरा नाही," सर म्हणाले. "बारा. हो, पुरावा आहे. मी त्यात काम केलं."

गेणभाऊंनी टोपी घातली आणि खाकरून विचारलं, की पुस्तकात नटांची नावं येतील का. सर म्हणाले, येतील. गेणभाऊंनी थोडा विचार करून सांगितलं, की 'ती'च्या पुढं गेणभाऊ लिहा, आन कंसात चेअरमन. समोरच्या पार्टीनं वैनी म्हटलं तर म्हणू द्या, आपलं नाव कापडी बांधणीत हाये. सोपाननं आपलंही नाव येणार ना, अशी चौकशी केली. गेणभाऊ म्हणाले, तुझं नंतर येईल.

सरांनी मग दोन्ही नकला काखेत घेतल्या आणि शेठना म्हणाले, की या मी बरोबर नेतो, महिन्यात परत पाठवतो.

"नाही," पोपटलालशेठ म्हणाले.

दुकानात आलेल्या माणसाला हा शब्द त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा ऐकवला. मागून जिन्यावरून सज्जनबाईंचा आवाज आला, की बरोबर आहे, हा माल बाहेर जात नसतो.

शेठनी एक कोरी वही काढली, एक पेन दिलं, पोतं सारून खिडकीजवळ घेतलं. आंबर्डेकरांनी नाटक दिलं तेही असंच, ते म्हणाले. ज्याला हवं त्यानं बसून उतरवून घ्यायचं. सरांनी वहीकडे पाहिलं, शेठकडे पाहिलं, आणि बाहेर निरोप पाठवला, की तुम्ही ओझरचा गणपती करून या, मला वेळ लागेल.

आणि चरित्रकार, संपादक मंडळाचे अध्यक्ष, साखरेच्या पोत्यावर मांडी घालून बसले. पेनाचं टोपण काढलं. गेणभाऊ त्यांच्यासमोर उभे राहिले आणि पहिल्या अंकापासून सांगू लागले. दुसऱ्याच वाक्याला ते थांबले.

"सर, दमानं ल्हा," ते म्हणाले. "कुशाबा बी अशीच घाई करायचा. अन् 'अजून' दोनदा हाये तिथं. एकदाच ल्हिलंय तुमी."

सरांनी खोडलं आणि दोनदा लिहिलं.