खाऱ्या पाण्याचा चर

सुरेखानं बोअरच्या पेटीला कुलूप घातलं आणि किल्ली कनवटीला खोचली. बांधावरून सासरे सांडू ओरडले, "अगं, सूर्यफुलानं माना टाकल्यात! मोटर चालू कर!"

"नाय मामा. मागच्या साली ह्याच पाण्यानं रानात पांढरी खार फुटली. आता ऐन कळीत हे पाणी दिलं तर मुळ्याच जळतील."

"मग कुणाचं देतीस? दोन दिवसांत पीक हातचं जाईल."

गोडं पाणी होतं एकाच ठिकाणी, टेकाडावर, शेजारच्या काकासाहेबांच्या विहिरीत. पण दिवाळीपासून त्यांच्याशी बोलणं बंद होतं. पाट आल्यापासून पाचोडच्या ह्या पट्ट्यात जमिनीखालचं खारं पाणी वर चढत चाललेलं. ते उतरावं म्हणून सुरेखानं कमरेएवढा चर खणला होता. चराचं तोंड मात्र काकासाहेबांच्या बांधावर संपत होतं, आणि तिथला त्यांचा हरभरा पिवळा पडला होता.

तरी ती गेली. काकासाहेब हरभऱ्यातच उभे होते.

"पाणी पायजे? आधी चर बुजव."

चर बुजवला तर खार परत मुळाशी येणार, नाही बुजवला तर उभं पीक वाळणार. 'व्हय' म्हणून मोकळं व्हावं, असं तिच्या अगदी ओठावर आलं. पण तिची नजर वरच्या अंगाच्या हिरव्या हरभऱ्याकडं गेली. त्याच्याही पानांच्या कडा करपायला लागल्या होत्या. तिथं चराचं पाणी चढणं शक्यच नव्हतं.

"भाऊजी, कुदळ द्या जरा."

तिथं तिनं खणायला घेतलं. दोन हात खोलीवर पाणी पाझरलं. काकासाहेबांनी बोट बुडवून जिभेला लावलं आणि थुंकले. चेहरा उतरला त्यांचा.

"हे काय तुझ्या चराचं नाय," ते हळूच म्हणाले.

"नाय. तुमच्याबी रानात चढायलंय. पण चर तुमच्या बांधावर सोडला ही माझी चूक. तुमच्या रानातनं खालच्या ओढ्यापर्यंत जागा द्या, मी खणते. दोघांचंबी पाणी उतरंल."

काकासाहेबांनी तिच्या हातातली कुदळ परत घेतली.

"आज पाइप जोड," ते म्हणाले. "पण अमावस्येच्या आत चर ओढ्याला लागला पायजे."

चर लागला. सांडूही फावडं घेऊन खपले. खालच्या चार सऱ्या वाचल्या नाहीत. बाकीचं सूर्यफूल फुललं, जरा बारीक, पण दाण्यानं भरलेलं.