विभूतीचा हात

दर गुरुवारी आमच्या हॉस्पिटलात पेशंटपेक्षा धडधाकट माणसं जास्त यायची. कोपरहून, शहाडहून, एकजण तर टेंभी नाक्यावरून, चप्पल हातात घेऊन. इमारतीच्या आत, मागच्या बोळात भस्मनाथ महाराजांचा फोटो होता आणि त्यावर आपोआप पांढरी विभूती पडायची. हळद नाही, कुंकू नाही, थेट विभूती. देवानेही हॉस्पिटलचा रंग बघूनच चमत्कार निवडलेला.

महाराज पूर्वाश्रमीचे दगडू. कोपर स्टेशनबाहेर मोबाइलची कव्हरं विकायचे. आता माणसांना संरक्षण देतात, म्हणजे धंदा तोच.

"श्वासात विश्वास, विश्वासात विभूती!" महाराज त्या फोटोखाली बसून, डोळे मिटून म्हणायचे. "तोंडाला फडकं बांधणारा देवाला दार लावतो!"

त्यामुळे बोळ झाडणाऱ्या मालनमावशींनी मास्क सोडला. मग दम्याचा पंपही सोडला. त्याऐवजी रोज चिमूटभर विभूती पाण्यातून. मी एक्स-रे काढतो. एक्स-रेच्या खोलीत बसून मला त्यांचा खोकला ऐकू यायचा, मध्ये दोन भिंती असताना.

"मावशी, पंप घ्या ना."

"गप रं. आतली घाण बाहेर पडतीया, म्हाराज बोलले."

त्या सकाळी आतून बाहेर पडलं ते त्यांचं भान. झाडू हातात घेऊनच खाली बसल्या, ओठ निळे. ऑक्सिजन लावून डॉक्टर कादंबरी मॅनेजर मुकुल सरांकडे गेली. मी मागोमाग.

"सर, बोळात ओल्या फडक्याने पुसायला सांगा. सगळ्यांना जाड मास्क द्या. आणि ती धूळ कुठून येते ते शोधा."

"धूळ नाही, विभूती," सर म्हणाले. "मॅडम, तुमची श्रद्धा नाही का?"

कादंबरी तशीच वळून बोळात गेली. जोरात बोलणारी बाई गप्प झाली की मी हेल्मेट शोधतो.

तिने स्टूल घेतलं, फोटोवरच्या झरोक्यात टॉर्च मारला आणि मला बोलावलं. आत पंखा फिरत होता. पलीकडे प्लास्टरची खोली. आमच्याकडे हाडाच्या प्लास्टरची बँडेजं विकत आणत नाहीत. कोरडी पावडर जाळीच्या कापडावर हाताने चोळून तिथेच बनवतात. पूर्वी तो पंखा धूळ इमारतीबाहेर फेकायचा. सरांनी आपल्या केबिनच्या एसीचा बाहेरचा डबा तिथे बसवताना ते भोक बुजवलं आणि नवीन भोक बोळात पाडलं. तिथेच खिळा होता. खिळ्याला फोटो.

"सरांना माहीत असणार," मी म्हणालो.

"असणारच. चमत्कार असेपर्यंत दुरुस्तीचा खर्च नाही, मास्कचा खर्च नाही."

"सांगूया सगळ्यांना?"

"सांगून कोण ऐकतं रे? दाखवूया. गुरुवार येऊ दे."

गुरुवारी तिने डोक्यावर पदर घेतला. मी हसू नये म्हणून गालाचा आतला भाग चावून धरला. हातात ताम्हण, ताम्हणात फोटोवरून गोळा केलेली ताजी विभूती.

"महाराज, आज आशीर्वादाच्या हातालाच विभूतीचा लेप लावू द्या."

"नको नको!" मुकुल सर किंचाळले.

"का सर? साधी विभूतीच तर आहे."

सरांनी भिंतीकडे तोंड केलं.

महाराजांनी हात वर केला. कादंबरीने आधी कापूस गुंडाळला ("सोवळा असतो महाराज"), मग विभूतीत तीर्थ कालवून जाळीच्या पट्टीने तळव्यापासून कोपराच्या वरपर्यंत लेप चढवला. गर्दी हात जोडून उभी.

"ऊब येतेय!" महाराज थरथरले. "शक्ती उतरतेय!"

जयजयकार झाला. शक्ती उतरली आणि सुकली. महाराज हात खाली घ्यायला गेले, तर कोपर आहे तिथेच. बोटं उघडी, पंजा ताठ, जणू रिक्षा थांबवतायत.

"हे काय केलंत?"

"काही नाही, फ्रॅक्चर नसताना प्लास्टर," कादंबरी म्हणाली. मग पदर खाली घेऊन तिने गर्दीला पंखा दाखवला, भोक दाखवलं, पावडरची गोणी दाखवली. "पाणी लागलं की ही दगड होते. हेच तुम्ही रोज पीत होतात आणि श्वासातून ओढत होतात."

कुणी हसलं नाही. ऑक्सिजनवरून उठून आलेल्या मालनमावशी भिंतीला धरून उभ्या होत्या. नाकातोंडावर नवा जाड मास्क.

मी प्लास्टर कापायचं यंत्र सुरू केलं. पात्याने कातडी कापली जात नाही, हे मी महाराजांना सांगितलं. यंत्र बंद केल्यावर. तोवर ते तीन देवांना शरण जाऊन आले होते. पांढरा धुरळा उडाला, महाराज खोकू लागले.

"मास्क! अरे, मला मास्क द्या!"

मावशी हळूहळू पुढे आल्या. श्वास पुरत नव्हता, तरी वाक्य पुरं केलं.

"का वो म्हाराज? तुमची श्रद्धा न्हाई का?"

मग आपल्या खिशातला दुसरा मास्क त्यांनीच त्यांना दिला. मी त्यांच्या जागी असतो तर दिला नसता.

आता पंखा बाहेर वारा फेकतो आणि बोळात विभूती पडत नाही. सरांच्या केबिनचा एसी मात्र काढावा लागला. ते घामाघूम असतात. मावशी पंप घेतात. फुप्फुसं पूर्वीसारखी होतील का, ते डॉक्टरही सांगत नाहीत. चमत्कार दिसला तर हात जोडण्याआधी वर बघा, पंखा कुणाच्या तोंडावर आहे ते बघा. खोकला लांबला तर डॉक्टर गाठा.

फोटोच्या खिळ्याला मी महाराजांच्या हाताचा साचा चिकटपट्टीने जोडून लटकवलाय. ताठ, आशीर्वाद देणारा, आतून पोकळ. त्याच्या तळव्यावर लिहिलंय: थांबा, मास्क लावा.