चिमूटभर कोळशाचं क्षेत्रफळ

पुन्हा सहाशे चाळीस! सुमंगलाचं डोकं पार चक्रावलं. दसरा होऊन दोन दिवस झाले होते, आणि देवासच्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत तिच्या हातून पाणी गाळायच्या कोळशाचा आकडा काही केल्या वर सरकत नव्हता.

काम तसं ठरलेलं. चिमूटभर कोळसा काचेच्या नळीत घालायचा, तापवून हवा उपसायची, नळी थंडगार द्रव नायट्रोजनात बुडवायची आणि आत थोडा थोडा नायट्रोजन वायू सोडायचा. कोळशाच्या छिद्रांनी किती वायू धरला, त्यावरून आतल्या भिंतींचं क्षेत्रफळ निघतं. ग्रॅमला अकराशे चौरस मीटर तरी हवं.

"दत्ताजी भट्टीवर झोपला असणार, म्हणून छिद्रं नीट पडली नाहीत," मॅनेजर कृष्णराव म्हणाले. "आज संध्याकाळी त्याला काढून टाकतो."

दत्ताजी दारातच उभे होते. "कसम से ताई, डोळा लागला नाही माझा. अन् एवढ्याशा कोळशात अख्खं खेत मावतं तरी कसं?"

तिला आता स्वतःलाच ते पटेनासं झालं होतं. तराजू ठीक, नळी ठीक, गळती नाही. मग घोडं अडलं कुठं? वैतागून तिनं नमुन्याच्या कोळशाची बरणी बाजूला सारली आणि गोदामातल्या त्याच मालाच्या सीलबंद पोत्यातून नवा कोळसा आणला.

अकराशे दहा!

अगं बाई! भट्टी तीच, माल तोच. ती बरणीकडे बघतच राहिली. बरणीच्या गळ्याला कुंकवाचं बोट होतं. खंडेनवमीला कृष्णरावांनी तराजू, नळ्या, बरण्या सगळ्यांची पूजा मांडली होती. बंद बरणीची कसली पूजा, म्हणून झाकणं काढायला लावली होती. दिवसभर राळेचा धूप जळत होता. कोळसा तो धूर पिऊन बसला, छिद्रं बुजली, आणि तापवूनही ती मोकळी झाली नाहीत.

आता हे सांगायचं कुणाला? तिला नोकरीत कायम करायचं की नाही, हे शनिवारी कृष्णरावच ठरवणार होते. तरी ती त्यांच्या खोलीत गेली आणि तिनं सगळं सांगून टाकलं.

"म्हणजे तू देवावर ढकलतेस?"

"देवावर नाही, साहेब. तुमच्यावर."

कृष्णराव लालबुंद झाले. मग टेबलावरचा, दत्ताजींना काढून टाकायचा कागद त्यांनी टराटरा फाडला. "जा, त्याला भट्टीवर पाठव."

"आणि माझं?"

"शनिवारी बघू."

बाहेर येऊन तिनं दत्ताजींना भट्टीवर जायला सांगितलं. त्यांनी काही न विचारता हात जोडले. तिला मात्र रडू फुटलं.