लॅमिनेट केलेलं मृत्युपत्र

आमच्या ह्यांना कागद जपायचं भारी वेड. उन्मेष दोन वर्षांचा असताना ह्यांनी मृत्युपत्र केलं आणि लगेच लहरीपुऱ्यात जाऊन लॅमिनेट करून आणलं. "आता वाळवीची भीती नाही," म्हणाले. चार वर्षांनी नीरजा झाली. "मृत्युपत्र नव्याने करा," म्हणून मी किती डोकं फोडलं! "करू गं, घाई काय आहे?" हेच उत्तर. स्कूटरचा विमा मात्र एकदाही चुकला नाही.

ह्यांचे दिवस झाल्यावर आम्ही कपाट उघडलं. मला चष्मा सापडेना, म्हणून नीरजानेच वाचायला घेतलं. शेवटची नऊ वर्षं कारेलीबागच्या ह्या घरात राहून ह्यांचं सगळं तिनेच केलं होतं.

"माझ्या व पत्नीच्या पश्चात राहते घर माझे एकुलते एक अपत्य चि. उन्मेष याला..." ती थांबली.

उन्मेष गडबडला. "अगं, अर्धं घर तुझंच. मी उद्याच लिहून देतो."

"तू देशील रे, दादा," लॅमिनेशनवरची धूळ ओढणीने पुसत ती म्हणाली. "पण बाबांच्या कागदात मी अजून जन्मलेच नाही."