घरची लेकरं

सानगडीच्या तलावाचा ठेका केशवरावांकडे होता. तिथं जाळं टाकणारे ढिवर म्हणजे आपली घरचीच माणसं, असं ते चारचौघांत सांगत. केशवरावांकडे कार्य निघालं की या 'घरच्या' माणसांच्या बायका-पोरींनी भांडी घासायला जायचं. ढिवराच्या घरातल्या शकुनची सासू जायची, मग शकुन जाऊ लागली, आता तिची नववीतली मुलगी तुळसा शाळा बुडवून जायची.

एकोणऐंशी सालची गोष्ट. संध्याकाळी आईजवळ जाळं सांधता सांधता तुळसा म्हणाली, "माय, आज बाईंनी फ्रान्सचा एक शब्द सांगितला. लिबेर्ते. म्हंजे स्वातंत्र्य."

"त्यात नवीन काय?"

"आयक ना. तो लॅटिनातून आला. लिबेर म्हंजे गुलाम नसलेला, मोकळा. जुन्या रोमात एकाच घरात गुलामबी राहत आन् मालकाचे लेकरंबी. त त्या लेकरांले म्हनत लिबेरी. मोकळे."

शकुनचा हात थांबला. "मंग आपन केशवरावाच्या घरचे कोनते?"



दुसऱ्या दिवशी सकाळी केशवरावांचा गडी परसराम शकुनच्या दारात आला. "पोरीले पाठव वो. बारशाचे भांडे पडून आहेत."

"तुळसा शाळेत जाऊन राहिली."

"मंग तू चाल."

"मीबी नाही येत."

दुपारी शकुन मासळी निवडत असताना खुद्द केशवराव तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, आले. "काहून शकुन, घरच्या माणसांनी असं वागायचं?"

"घरचे असू त तुमची नात शाळेत जाते तशी माही पोरगीबी जाईल, मालक. भांड्यापुरतेच घरचे असू, त आमी तुमचे कोनी नाही."

"मग बाबुलालचं जाळं उद्यापासून पाण्यात दिसायला नको."

बाबुलाल, तिचा नवरा, मागेच उभा होता. तो घाबरलाय हे तिला न बघताही कळलं. पण त्यानं ओलं जाळं गोळा केलं, खांद्यावर टाकलं आणि म्हणाला, "चाल वो."

ते चुलबंद नदीवर गेले. मासळी कमी, पायपीट जास्त. कमाई घटली म्हणून जावेनं शकुनला शिव्या घातल्या. तरी पंधरवड्यात ढिवरांची आणखी दोन घरं भांडी घासायचं नाकारून नदीवर आली, आणि सानगडीच्या बाजारात तलावाची मासळी कमी पडू लागली.

मग परसराम निरोप घेऊन आला, "मालक म्हनतात, या परत."

"जाळं आनतो म्हनावं," शकुन म्हणाली. "पोरगी नाही आनत."

परसराम तो निरोप घेऊन गेला. दुसऱ्या सकाळी बाबुलालनं भर उजेडात तलावात जाळं फेकलं. पाळीवर परसराम उभा होता. त्यानं मासळीसाठी टोपली पुढं सरकवली, आणि त्याच्यासमोरून तुळसा दप्तर घेऊन शाळेत गेली.